स्वयंसेवकांना पैसे द्यावेत का, हे संस्थेने कसे ठरवावे

अभ्यासिका, वाचनालय किंवा रुग्णसाहाय्य केंद्र चालवणाऱ्या छोट्या संस्थांत हा प्रश्न बहुधा कोणी दुखावल्यावरच निघतो. तो काम सुरू होण्यापूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत घ्यावा.

प्रथम खर्च आणि मोबदला यांची फारकत करावी. बसभाडे, फोनचे रिचार्ज, झेरॉक्स हा संस्थेचा खर्च आहे आणि तो प्रत्येक स्वयंसेवकाला न मागता मिळाला पाहिजे. ‘ज्याला हवे त्याने मागावे’ ही पद्धत मला अन्यायाची वाटते. दोन बस बदलून शिकवायला येणारी महाविद्यालयीन मुलगी सचिवांकडे तिकिटाचे पैसे मागत नाही, ती परीक्षेचे कारण सांगून यायची थांबते. म्हणून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सर्वांचीच व्हाउचरे भरून घ्यावीत. ज्यांना पैसे नको असतील त्यांनी ते स्वीकारून देणगी म्हणून परत द्यावेत आणि पावती घ्यावी, म्हणजे कोणाला गरज आहे हे चारचौघांत उघड होत नाही.

मग कामाचे स्वरूप तपासावे. न येण्याचे नुसते कळवून भागते, की रजा मागावी लागते? वेळ, उद्दिष्ट आणि अहवाल संस्थाच ठरवते का? तसे असेल तर ती नोकरी आहे. ते काम करणाऱ्याला नेमणूकपत्र आणि किमान वेतनाहून कमी नसलेला पगार द्यावा. व्हाउचरवर ‘मानधन’ लिहिल्याने ही जबाबदारी टळत नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनावर काम करत असूनही त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला. 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा ताईंना सरकार स्वयंसेविका मानते आणि बऱ्याच कामांचा मोबदला कामागणिक देते. मात्र बाळंतिणीला अपरात्री दवाखान्यात पोहोचवणे, लसीकरणासाठी घरोघरी जाणे आणि वर नोंदी ठेवणे हे सवडीचे काम नव्हे, आणि महाराष्ट्रात त्यांना वाढीव मोबदल्यासाठी वारंवार संपावर जावे लागले आहे. सरकारचा हा कित्ता संस्थांनी गिरवू नये.

ज्यांचे काम खरोखर सवडीचे आहे, त्यांना मोबदला देऊ नये. आठवड्यातून दोन तास गोष्टी वाचून दाखवणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या हाती किरकोळ रकमेचे पाकीट ठेवल्यास अनेकदा त्यांचा अवमानच होतो. मात्र एकाच कामासाठी एकाला पैसे आणि दुसऱ्याला आभार असे कधीही करू नये. कोणत्या कामाला काय मिळेल, याचा ठराव इतिवृत्तात नोंदवून नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी लेखी द्यावा.