छोट्या ट्रॅक्टरवर एलईडी फोकस बसवताना या चुका टाळा

कोकणात छोट्या ट्रॅक्टरला रात्रीचे काम पडते ते मुख्यतः चिखलणीच्या दिवसांत. मिरगाचा पाऊस लागून कुणग्यांत (बांध घातलेल्या भातखाचरांत) पाणी उभे राहिले की सगळ्या वाडीला एकाच आठवड्यात रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचे फिरत्या पात्यांचे अवजार, हवा असतो, आणि तासावर फिरणारा ट्रॅक्टर एकच असल्यामुळे ज्याची पाळी रात्री नऊला येते त्याच्या मळ्यात नऊलाच उतरावे लागते. कंपनीने दिलेले दोन हेडलाइट पुढचा बांध दाखवतात. मागे रोटर किती खोल चालला आहे आणि कोपऱ्यात किती जमीन सुटली आहे हे मात्र अंधारातच राहते. म्हणून 18 ते 28 अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर आता रोल बारला, म्हणजे ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या नळीच्या कमानीला, एलईडी फोकस लावलेले दिसतात. त्यांतले निम्मे पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी बंद असतात, आणि त्यांचे मालक फोकसच्या दर्जाला दोष देत असतात.

मीही तेच केले होते. मे महिन्यात बसवलेल्या चार फोकसांपैकी मागचे दोन ऑगस्टमध्ये मंद झाले. मी दोन्ही बदलले. नवे फोकस आठवडाभर नीट चालले आणि मग तेही मंद झाले. दोष होता रोल बारच्या बुंध्याशी असलेल्या एका बोल्टात, जिथे काळी वायर, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी अर्थची वायर, रंगावरच आवळलेली होती. काढून टाकलेले ‘खराब’ फोकस आज चार वर्षांनंतरही पंपाच्या खोलीत लख्ख चालतात.

अर्थ बोल्टाला लावली म्हणजे अर्थ मिळाली असे नव्हे

ट्रॅक्टरची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे काळी वायर जवळच्या कोणत्याही बोल्टाखाली दाबली की फोकस लागतो. तो लागतो म्हणूनच ही चूक त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. रोल बारवर जाड रंग असतो, त्याच्या बुंध्याशी रबरी वॉशर असू शकतात आणि घडी घालायच्या रोल बारला तर बिजागरीची पिनही मध्ये येते. वीज या सगळ्यांतून, बोल्टाच्या आट्यांवरून कशीबशी परत जाते. खाऱ्या वाऱ्यात आट्यांवर गंज चढला की तिथे अवरोध तयार होतो. हा अवरोध केवळ अर्धा ओहम असला आणि दोन फोकस मिळून 4 अँपिअर घेत असले, तरी 2 व्होल्ट त्या बोल्टातच खर्च होतात. स्वस्त फोकस अशा वेळी मंद होतो. बऱ्यापैकी फोकसमध्ये आतले सर्किट कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढून उजेड कायम ठेवते. त्यामुळे दोष वाढत जातो, बोल्ट तापतो आणि एके दिवशी फोकस लुकलुकू लागतो.

यावर खात्रीचा उपाय असा की, प्रत्येक फोकसची काळी वायर वेगळ्या तांब्याच्या वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, किंवा बॅटरीची मूळ अर्थ केबल इंजिनाला जिथे आवळलेली असते तिथपर्यंत, परत न्यावी. वायर दुप्पट लागते हे खरे आहे. पण समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत ट्रॅक्टर ठेवणाऱ्याने हा खर्च वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉडीलाच अर्थ द्यायची असेल तर रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दातेरी वॉशरसह आवळावी आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावावे. आधी ग्रीस चोपडून मग आवळण्याची सवय अनेकांना असते. ग्रीसचे काम बाहेरचे पाणी अडवणे हे आहे. थिंबल आणि लोखंड यांच्या मध्ये स्वच्छ धातूच हवा.

तपासणीतही एक फसगत होते. बरेच वायरमन मल्टिमीटर बझरवर ठेवून ‘आवाज येतो, म्हणजे अर्थ ठीक आहे’ असे सांगतात. बझरला नगण्य करंट लागतो. वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो. खरी तपासणी फोकस चालू ठेवून करावी. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे फोकसच्या काळ्या वायरीच्या जोडाला लावावे. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर परतीची वाट चांगली आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष त्याच वाटेवर आहे आणि फोकस उघडण्याचे कारण नाही. हीच पद्धत लाल वायरीवर वापरावी: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे फोकसच्या लाल जोडाला. मीटर पुढे-पुढे सरकवत नेला की व्होल्ट नेमके कोणत्या जोडात हरवतात ते पाच मिनिटांत कळते.

अर्थ खराब असल्याचे आणखी एक विचित्र लक्षण आहे. फोकस लावला की मागचा लाल दिवा किंवा इंडिकेटर मंद उजळतो, कारण परतीची वाट अडल्यामुळे वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. लोक अशा वेळी स्विच बदलतात, पण त्याचा काही उपयोग होत नाही.

वायर, फ्यूज आणि रिले

खरेदीपूर्वी साधा हिशेब करावा. 27 वॉटचे चार फोकस म्हणजे 108 वॉट, आणि इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टच्या आसपास सुमारे 8 अँपिअर. बॉनेटखालच्या बॅटरीपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत वायर साधारण 4 मीटर, जाऊन-येऊन 8 मीटर होते. फोकससोबत येणाऱ्या बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून 8 अँपिअर नेले तर वाटेतच सुमारे अडीच व्होल्ट जातात; अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर उरली आहे म्हणून वापरू नये. ट्रॅक्टरच्या थरथरीने ती जोडाशी आतून तुटते, बाहेरून आवरण मात्र अखंड दिसते, आणि दोष शोधण्यात दिवस जातो. अनेक बारीक तारांची, शक्य असल्यास कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची वायर घ्यावी. साधे तांबे खाऱ्या दमट हवेत आवरणाच्या आत वीतभर हिरवे-काळे पडलेले मी अनेकदा कापून टाकले आहे.

फ्यूज फोकसला वाचवण्यासाठी असतो हा समज चुकीचा आहे. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे त्याची जागा फोकसजवळ किंवा स्विचजवळ नसून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर आहे. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर बॅटरीची सगळी ताकद तिच्यातून वाहते, आणि जवळच डिझेलचा पाइप असतो. वरच्या हिशेबातल्या 8 अँपिअरसाठी 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडू लागला म्हणून 30 चा घालणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणे, हे दोष शोधण्याऐवजी पुढे ढकलणे आहे. फ्यूज रोटर उचलणारी लिफ्ट वर घेतानाच उडत असेल तर लिफ्टच्या दांड्याखाली वायर चेपली आहे का ते आधी पाहावे. फक्त जोरदार पावसात उडत असेल तर एखाद्या जोडात पाणी शिरते आहे.

फोकसची लाल वायर हेडलाइटच्या स्विचलाच जोडण्याचा मोह टाळावा. तो स्विच आणि त्याची वायर मूळ दिव्यांच्या हिशेबाने दिलेली असते. वाढीव भाराने स्विचमधले संपर्क जळतात आणि मग फोकससह हेडलाइटही जातात. चार टोकांचा साधा रिले, म्हणजे बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, वापरावा: 30 क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, 87 ला फोकस, 86 ला स्विचमधून येणारी बारीक वायर आणि 85 ला अर्थ. स्विचला येणारी वीज किल्ली फिरवल्यावरच मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावी. थेट बॅटरीवरून घेतली आणि रात्री दमून फोकस बंद करायचे राहून गेले, तर 8 अँपिअरने सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. इंजिन बंद असताना फोकसची लाल वायर काढलेली असूनही बॅटरी हळूहळू उतरत असेल तर रिले ओढलेलाच राहत नाही ना, ते बोटाने स्पर्श करून पाहावे. तो कोमट लागतो.

रिले बसवताना त्याची टोके खाली येतील असा बसवावा, म्हणजे पाणी साचत नाही. वायरही स्विचमध्ये किंवा फोकसमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबकळू देऊन मग वर न्यावी. पागोळीसारखे पाणी त्या खालच्या वळणावरून गळून जाते. वायर सरळ वरून आत घातली तर तीच पन्हळ होते.

काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढावा आणि शेवटी लावावा. उलट केले तर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागून ठिणगी उडते.

जोड

तारा पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणे ही कोकणातली सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसात तिच्या आत पाणी अडकते आणि बाहेर पडत नाही. योग्य मापाची थिंबल किंवा जोडनळी क्रिंपिंगच्या पकडीने दाबून, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) तापवून बसवावी. साध्या पक्कडीने चेपलेला जोड हाताने ओढला की बरेचदा निसटतो, म्हणून प्रत्येक जोड ओढून पाहावा. डाग देणे म्हणजे सोल्डरिंग वाईट नाही. परंतु कथिल तारांत शिरून वायर तेवढ्या जागी ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने तुटते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा.

फोकसच्या काचेवर आतून धुके दिसले की अनेकजण कडेने सिलिकॉन भरतात. यात दोन चुका आहेत. पहिली, आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना व्हिनेगरमधले आम्ल सोडते आणि ते तांबे खाते. दुसरी, बऱ्याच फोकसांच्या मागे हवा आत-बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्र असलेली पडदी असते. ती बुजली की तापलेला फोकस पावसाने एकदम गार होताना कुठून तरी पाणी आत शोषून घेतो. अर्धा तास फोकस चालू ठेवल्यावर धुके निघून जात असेल तर काही करू नये. पाण्याचा थर हलताना दिसत असेल तर मात्र त्याचे रबर गेले आहे. डब्यावर आयपी 67 लिहिलेले असते त्याचा अर्थ फोकस एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. चिखल धुताना प्रेशर पंपाची धार जवळून मारण्याला त्यात कुठेही परवानगी नाही.

बसवण्याची जागा

रोल बारला भोक पाडू नये आणि त्यावर वेल्डिंगही करू नये. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव त्या नळीच्या ताकदीवर असतो, आणि जांभ्याच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) उतरत्या बागांत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. यू बोल्ट किंवा क्लँप वापरावा. इतर कुठेही वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी आणि फोकस दोन्ही सुटे करावेत.

आंब्याच्या कलमांखाली फिरताना रोल बारची घडी घालावी लागते, हे फोकस बसवणारा वायरमन हमखास विसरतो. सरळ ताणून बांधलेली वायर पहिल्याच घडीला तुटते किंवा बिजागरीत चेपते. बिजागरीपाशी हातभर ढिली वळी ठेवावी, ती फ्लेक्सिबल पाइपमध्ये घालावी आणि वायर बांधून टाकण्याआधी रोल बार दोनदा पूर्ण खाली-वर करून पाहावा. फोकसचे अॅल्युमिनियमचे बूड आणि स्टेनलेस स्टीलचा बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. खारे पाणी मिळाले की या दोन धातूंच्या संगतीत अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते आणि दोन वर्षांनी बोल्ट सुटतच नाही.

जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणे असेही नाही. पाणी भरलेला कुणगा आरशासारखा असतो. लांब पल्ल्याचा अरुंद झोत त्यावर पडला की डोळेच दिपतात. चिखलणीसाठी पसरट झोताचा फोकस घ्यावा आणि तो बराच खाली, रोटरच्या मागच्या फळीवर वळवावा. पुढचे फोकस चालकाच्या डोळ्यांजवळ असले तर पावसाचा प्रत्येक थेंब चमकून समोर पांढरा पडदा उभा राहतो. ते रोल बारच्या दोन टोकांना किंवा खाली हेडलाइटच्या उंचीवर न्यावेत. मागच्या फोकसांना स्वतंत्र स्विच आणि त्यावर लाल खुणेचा दिवा हवा, कारण मळ्यातून रस्त्यावर येताना ते चालू राहिले तर वळणावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीही दिसत नाही.

लावणी उरकली की ट्रॅक्टर मांगरात (शेतातल्या कोठारात) उभा राहतो आणि उंदरांना वायरीचे आवरण मिळते. भातकापणीला तो बाहेर काढताना फोकस लागला नाही तर मीटर घेण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीमागे गवताचे घरटे आहे का ते पाहावे. कुरतडलेली वायर टेपने न झाकता तेवढा तुकडा कापून नवा जोडावा, कारण उघड्या पडलेल्या तांब्यातून ओल दोन्ही बाजूंना आत गेलेली असते. कापलेल्या टोकाचे तांबे काळे दिसले तर पिवळसर तांबडे दिसेपर्यंत मागे-मागे कापत जावे.