पहिला वळीव पडला की कडुनिंब हलवा

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की त्याच संध्याकाळपासून बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीकडे लक्ष ठेवा. दिवस मावळल्यावर हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचे, तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात, झाडावर जमून पाला कुरतडतात, तिथेच त्यांचं मीलन होतं. उजाडायच्या आत पुन्हा मातीत. वर्षभरात हुमणी आपल्या हाती लागते ती याच थोड्या संध्याकाळी.

खाली ताडपत्री अंथरा, फांद्या जोरात हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. जोडीला प्रकाश सापळा लावा. एक मादी साधारण 50 ते 60 अंडी घालते, त्यामुळे अंडी घालण्याआधी सापडलेली मादी लाखमोलाची. मात्र हे काम गावानं मिळून करायचं. शेजारच्या बांधावरचा भुंगेरा सातबारा बघून उडत नाही.

एकदा अंडी मातीत गेली की खेळ अवघड होतो. बारकी अळी आधी कुजलेला पाला, शेणखत आणि कोवळी मुळं खाते. दोनदा कात टाकून ती मोठी झाली, की जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची मुळंच फस्त करते. ऊस पिवळा पडतो, ओढला की सहज उपटून येतो. तेव्हा पानांवर फवारून काय उपयोग? तिचं तोंड मुळाला लागलेलं असतं. त्यापेक्षा लागवडीच्या वेळीच अळीला रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी हेक्टरी 20 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यावर द्या. पुढे अळी खोल जाऊन कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगेरासुद्धा पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच दडून बसतो.

नदीकाठच्या उसातली हुमणी वेगळ्या जातीची. तिचे भुंगेरे पाला खायला झाडावर जमत नाहीत, तिन्हीसांजेला शेतावरून उडताना दिसतात. तिथं फांद्या हलवत बसू नका.

उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी अळीही हुमणी नसते. सपाट जमिनीवर ठेवून पाहा, पोरांनाही दाखवा: तपकिरी डोकं, पुढे पायांच्या तीन जोड्या, कुशींना श्वासाची बारीक छिद्रं. हुमणी कुशीवर वळून इंग्रजी ‘सी’सारखी पडते. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरपटणारी अळी मात्र कुजलेलं खाणारी. तिला खतातच राहू द्या.