पन्नाशीनंतर पुन्हा ग्लोव्हज चढवताना
‘रॉकी बाल्बोआ’ (२००६) पाहिल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातले दोघं-तिघं मला विचारायला आले, काका, या वयात बॉक्सिंगची सुरुवात कुठून करायची? उत्तर त्या सिनेमातच आहे. सांधे धरलेले, वेग गेलेला, म्हणून प्रशिक्षक ड्यूक उतारवयातल्या बॉक्सर रॉकीला ताकदीवर खेळवतो. आपणही तेच करायचं.

आधी हृदय तपासून घ्या. मग पहाटे कमाटीबागेत १५ मिनिटं भरभर चाला.

ग्लोव्हजच्या आत हाताला बांधायची पट्टी साडेचार मीटरची घ्या. फास अंगठ्यात अडकवून मनगटाला ३ वेढे, मग बोटांच्या गाठींवर ३, बोटं पसरलेलीच ठेवून. मूठ वळल्यावर घट्ट बसली पाहिजे, पण बोटं निळी पडता कामा नयेत. मी एकदा मनगट सैल बांधलं आणि दीड महिना घरी बसलो.

पंचिंग बॅगवर २ मिनिटांच्या ३ फेऱ्या पुरेत. ठोसा नुसत्या खांद्यातून नको. मागची टाच फिरवा, कमरेतून येऊ द्या.