सोरायसिस आटोक्यात ठेवायचा तर रोज काय काय करायचं

परभणीत डिसेंबर लागला की माझ्या कोपरांवरचे चट्टे वाढायला लागतात, सकाळी चादर झटकली की पांढऱ्या खपल्या पडतात. बरीच वर्षं झाली आता. आधी एक सांगते, हा रोग लागट नाही, एका ताटात जेवा, एकच टॉवेल वापरा, कुणाला होत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती बिघडते आणि जी कातडी महिनाभरात बदलायची ती 3-4 दिवसांतच वर येते, म्हणून खपल्या साचतात. कायमचा जात नाही, पण दबून राहतो.

पहिलं काम म्हणजे स्किनच्या डॉक्टरला दाखवा. मी नाही दाखवलं, मेडिकलवरून गजकर्णाची ट्यूब आणली, आठ दिवसांत सगळं साफ, मला वाटलं बरं झालं, आणि ट्यूब बंद केल्यावर दुप्पट उठलं, कारण त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नाही, पण कुठं, किती दिवस आणि कसं कमी करायचं ते डॉक्टरनं सांगायचं. बिननावाच्या पुड्या तर घेऊच नका.

मग आंघोळ. यातच निम्मं काम आहे बघा. आपल्याकडं बोअरचं जड पाणी, त्यात कडक साबण आणि मोरीत वजरी, खपली दिसली की हात आपोआप तिकडं जातो. नका घासू. कोमट पाणी, 10 मिनिटं, सौम्य साबण, टॉवेलनं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, व्हॅसलीन नाहीतर खोबरेल जाडसर लावायचं. थंडीत दिवसातून दोनदा-तीनदा. डोक्यात असेल तर रात्री तेल लावून खपल्या मऊ करा, फणीनं खरवडू नका.

जिथं कातडीला इजा होते तिथं नवा चट्टा उठतो, बहुतेक 10 ते 14 दिवसांनी. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं हाताला ओरबाडतात, माझ्या मनगटावरचा चट्टा तिथूनच आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नखं कापा, आणि परकराचा नाडा घट्ट आवळू नका, त्या वळावरही येतो. कोवळं ऊन थोडा वेळ चालतं, पण एप्रिल-मेचं कातडी भाजणारं ऊन नको.

कशानं वाढतं ते ज्याचं त्यानं शोधायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. घसा दुखून ताप, घरातलं टेन्शन, दारू, बिडी-सिगारेट ही नेहमीची कारणं. बीपीच्या काही गोळ्यांनी पण वाढतं, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला विचारा. सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून ठरलेला वार पाकिटावर लिहून ठेवा. त्यावर दारू नको, आणि दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर आधीच सांगा.

सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली राहत असतील, सुजत असतील, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडत असतील तर वय झालं म्हणून सोडू नका, हा सांध्यांचा सोरायसिस असू शकतो, उशीर केला तर सांधे वाकडे होतात. आणि सगळं अंग लाल होऊन ताप-थंडी भरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.