नेट स्लो? नवा राउटर मागवण्याआधी या चुका टाळा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे सरकत नाही. मग दोष वायफायच्या माथी जातो आणि ऑनलाइन सेलमध्ये महागडा राउटर शोधला जातो. थांबा. वारंवार ९४-९५ च दिसत असेल तर आधी राउटरची मागची बाजू बघा. 'एसी १२००' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त राउटरचं केबलचं पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं. पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचं) असूनही आकडा तोच असेल तर केबल बदलून पाहा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी नीट बसली नसेल तर जोडणी मुकाट १०० वर उतरते. नव्या राउटरनेही हे सुटणार नाही, कारण केबल तीच राहणार.

खोक्यावरच्या १२०० ला भुलू नका. राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळवून, वर जरा फुगवून तो आकडा छापतात. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. शिवाय ८६७ हा दोन अँटेनांच्या फोनचा, राउटरजवळचा कागदोपत्री वेग आहे. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा-पाऊण मिळाला तरी उत्तम.

खरी गोम बँडमध्ये आहे. वायफायच्या पिढ्या अक्षरांनी ओळखतात. १९९९ चं ८०२.११बी हे २.४ गिगाहर्ट्झवर ११ एमबीपीएस द्यायचं, २००३ चं 'जी' त्याच बँडवर ५४. २००९ चं 'एन' दोन्ही बँडवर चालतं. २०१३ चं 'एसी' मात्र फक्त ५ गिगाहर्ट्झवर. २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने यांना सोपी नावं दिली: 'एन' म्हणजे वायफाय ४, 'एसी' म्हणजे ५, 'एएक्स' म्हणजे ६. याचा अर्थ असा की वायफाय ५ चा राउटर आणून फोन २.४ वर जोडला, तर तुम्ही २००९ च्याच तंत्रावर बसला आहात. ही चूक घरोघरी दिसते.

तिला हातभार लावतो वायफायच्या नावापुढे दिसणारा '५जी'. तो मोबाइल टॉवरचा ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे. "माझा फोन ४जी आहे, त्यावर ते चालायचं नाही," असं म्हणून लोक तो वापरतच नाहीत. फोनच्या माहितीत 'एसी' किंवा 'एएक्स' ही अक्षरं दिसली की बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झ चालतं. नुसतं 'बी/जी/एन' असेल तर बहुधा नाही.

पण सगळंच ५ वर ढकलू नका. भिंती ओलांडण्यात २.४ सरस आहे. मागच्या खोलीतला फोन आणि स्मार्ट बल्ब त्यावरच ठेवा. बहुतेक स्मार्ट बल्बांना दुसरा बँड कळतच नाही. सोसायटीत शेजाऱ्यांची गर्दी असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चं चॅनेल (बँडमधली एक मार्गिका) १, ६ किंवा ११ निवडा, कारण तिथे एकमेकांवर न चढणारी ही तीनच. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्याने गर्दीत उलट नुकसान होतं. मायक्रोवेव्हही याच बँडमध्ये गोंधळ घालतो, तेव्हा राउटर त्याच्या शेजारी नको. लोखंडी कपाटात तर मुळीच नको.

लाइट जाऊन आल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर दिसत नाही? राउटर बिघडलेला नसतो. काही चॅनेलवर रडार नाही ना, हे तपासूनच राउटरला सिग्नल सोडायची मुभा असते. वाट बघायची नसेल तर चॅनेल ३६ ते ४८ मधलं निवडा.

आणि सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'टीकेआयपी' किंवा 'वेप' या वायफाय सांकेतिक करण्याच्या जुन्या पद्धती राहिल्या असतील तर 'डब्ल्यूपीए२-एईएस' करा. त्या जुन्या पर्यायांवर 'एन'चे वेगच मिळत नाहीत. जोडणी ५४ वर अडकते, राउटर कितीही नवा असो.