पद्मिनीच्या मागं मागं: गाड्यांचे व्हिडिओ करायला निघालेल्या पोरांसाठी

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मेसेज करतं, दादा गाड्यांचे व्हिडिओ चालू करायचेत, कॅमेरा कुठला घेऊ. मी उलटं विचारतो, ओला फडका आहे का तुझ्याकडं? पोरगं गप्प होतं, त्याला वाटतं मी चेष्टा करायलोय. चेष्टा नाही, फडक्याचं सांगतो, पण थोडं मागून सुरू करावं लागेल.

मी सोलापूरचा. पोटापाण्याला लग्नं शूट करतो. वरातीला ओपन जीप येते, तिचे दोन-चार शॉट चांगले निघाले की नवरदेवापेक्षा जीपवालाच जास्त खूश होतो, असं करत करत जीपवाल्यांशी ओळखी झाल्या, त्यांच्या मागं गॅरेजवाले आले, मग कुशनवाले, रेडियमवाले, आणि मला हा नाद लागला. आमच्याकडच्या मॉडिफाय गाड्यांचं एक आहे, त्या कापड टाकून झाकून ठेवलेल्या नसतात. रविवारी पुसून फोटो काढायचा आणि सोमवारी परत आत, असलं नाही. मारुती ८०० जमिनीलगत खाली बसवलेली असेल, अलॉय असतील, आत निळा लाइट असेल, पण तीच गाडी सकाळी भाजी आणते आणि पोरांना शाळेत सोडते. त्यामुळं शूट करताना ती गाडी तुमच्या टाइमटेबलवर येत नाही, तुम्ही तिच्या टाइमटेबलवर जायचं. हे मला कळायला एक अख्खी ट्रिप वाया घालवावी लागली.

ती ट्रिप अण्णांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची. अण्णांचे पॉवरलूम आहेत, गाडी १९८६ ची, एमएच १३ च्याही आधीच्या जुन्या नंबरची, मोरपंखी रंग मारलेली, डिकीत कायम सुताचे कोन. सीटला कव्हर म्हणून चक्क सोलापुरी चादर शिवून घेतलीय, पुढं एकसलग बाकडं आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. इंजिन १०८९ सीसी, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकएवढंच, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळतं अण्णा आले.

माझ्या डोक्यात आयडिया होती की ही गाडी वालचंदनगरला न्यायची. कारण काय, तर वालचंद हिराचंद जन्मले सोलापुरात, १८८२ साली. त्यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यात पुढं फियाट आणि मग पद्मिनी बनली. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांनीच वसवलेलं. म्हणजे गाडी सोलापूरच्या माणसाच्या कंपनीची, चालवणारा सोलापूरचा, आणि जायचं त्याच माणसाच्या नावाच्या गावाला. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, इथं तर अजून सूत वाहतीय म्हणलं, भारी होईल. कागदावर भारीच होतं. जायचं ठरवलं एप्रिलच्या शेवटी. सोलापुरात. एप्रिलच्या शेवटी. लिहितानाच हसू येतंय.

निघायला नऊ वाजले. मोहोळ गेलं, टेंभुर्णीच्या अलीकडं साडेअकरा-पावणेबाराच्या सुमाराला पद्मिनीनं दोन झटके दिले आणि बंद. मला वाटलं संपलं, आता टो करायची. अण्णा शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, डिकीतनं एक जुना पंचा काढला, बाटलीतलं पाणी ओतून पिळला आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या छोट्या पंपावर गुंडाळून ठेवला. मी म्हणलं काय झालं. "तापलीय बे ती. जा चहा पिऊन ये." मग सांगितलं की उन्हात पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेला ओढत बसतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोलच पोचत नाही, थंड केलं की परत पातळ होऊन चालू. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि प्रेशर जास्त असतं म्हणून आपल्याला हे माहीतच नसतं. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही बाभळीखाली. अण्णांनी तेवढ्यात त्यांच्या वडिलांचं सांगितलं, गाडी कशी आली, पहिल्यांदा तुळजापूरला नेली तेव्हा घाटात कुणाकुणाला उतरून ढकलायला लावली. एक नंबर गप्पा. मग चावी मारली, तिसऱ्या सेल्फला चालू.

आणि माझा कॅमेरा? बॅगेत. चेन लावून. कारण माझ्या डोक्यात असं की गाडी थांबली म्हणजे शूट थांबलं. घरी येऊन बघतो तर चार तासांचं फुटेज, त्यात चकचकीत बंपर, हेडलाइट, लोगो, लोगोचा अजून एक अँगल, आणि जे खरं घडलं त्यातलं काहीच नाही. तो व्हिडिओ मी केलाच नाही. तर नवीन पोरांना पहिलं हेच सांगतो, गाडी बंद पडली की रेकॉर्ड दाबा. सुरुवात बॉनेटपासून नको, मालकाच्या हातापासून करा.

आता थोडं टेक्निकल, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारच्या उन्हात फोन आपोआप शटर एवढं फास्ट करतो की ताशी ६० नं चाललेल्या गाडीचं चाक गोठल्यासारखं दिसतं, गाडी उभी आहे आणि मागचं शेत पळतंय असं वाटतं. सेकंदाला २५ फ्रेमनं शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवा, चाकाला मस्त फिरण्याचा धूसरपणा येतो. पण मग उजेड जास्त होऊन सगळं पांढरं पडतं, त्यासाठी एनडी फिल्टर लागतो, म्हणजे लेन्सचा गॉगलच समजा. कॅमेऱ्याच्या पुढच्या मॉडेलला पैसे टाकण्याआधी हा घ्या. दुसरा फिल्टर म्हणजे पोलरायझर, त्यानं काचेवरचं आभाळ बरंचसं जातं आणि आत गाडी चालवणारा माणूस दिसतो. रात्री एलईडी लाइटखाली पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करून बघा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी जुळलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

उन्हाची दिशा तर कुणी बघतच नाही. सोलापूरहून पुण्याकडं सकाळी निघालात तर सूर्य पाठीमागं असतो. मग तुम्ही पुढच्या गाडीत बसून मागं वळून पद्मिनीचं तोंड शूट करायला गेलात की थेट सूर्य लेन्समध्ये आणि गाडी काळीठिक्कर. त्यावेळी मागं राहा, पाठीमागून घ्या. तेच सकाळी हैदराबाद रोडला नळदुर्गकडं निघालात तर उलटं, ऊन गाडीच्या तोंडावर, जाळी अशी चमकते की विचारू नका, तेव्हा पुढच्या गाडीतनं घ्या. एकाच गावातनं निघणारे दोन रस्ते, पण शॉट लिस्ट पूर्ण वेगळी. हे गुगल मॅप बघून आदल्या रात्री पाच मिनिटांत ठरतं.

चालत्या गाडीचा शॉट घ्यायचा तर मागची सीट, काच खाली, बेल्ट लावलेला, दोन्ही गाड्या ४०-५० च्या स्पीडला, आणि तुमचा ड्रायव्हर फक्त ड्रायव्हर, त्यानं मॉनिटरमध्ये बघायचं नाही. मी सुरुवातीला डिकी उघडून पाय बाहेर सोडून बसायचो. एकदा हायवेवर पोलिसांनी थांबवलं आणि साहेबांनी एवढंच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" त्यानंतर नाही बसलो.

सक्शनवाला माउंट लावणार असाल तर पत्र्यावरची धूळ आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. मी नुसती फुंकर मारली होती. कॅमेरा इंदापूरच्या पुढं कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. आता माउंटला कायम एक दोरी बांधलेली असते, दुसरं टोक दाराच्या आतल्या हँडलला. आणि हो, गाडी तापली तर ओला फडका, पण फोन तापला तर त्याला फडका लावत बसू नका, एसीच्या गाडीत आत घ्या आणि दहा मिनिटं सोडून द्या.

आवाजाबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. जुन्या गाडीत अर्धी मजा आवाजात आहे, आणि चालत्या गाडीवर लावलेल्या माइकमध्ये फक्त वारा येतो. म्हणून आवाज वेगळा घ्या, गाडी उभी असताना. सेल्फ, चोक ओढल्यावरचं इंजिन, दार लावतानाचा तो जड धप्प, दांड्यावरच्या गिअरचा खट, सगळं एकेक मिनिट. लेव्हल थोडी कमीच ठेवा, सायलेन्सरजवळ फाटतो आवाज. बोलणं घेताना इंजिन बंद. आणि माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या. अण्णा एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि मध्येच कानडी शिवी असं बोलतात. पहिल्यांदा मी म्हणलं अण्णा जरा शुद्ध बोला, तर ते एकदम बातम्या दिल्यासारखं बोलायला लागले, सगळा जीवच गेला. खाली सबटायटल टाका की, काय बिघडतंय.

आता जिथं माझं चांगलंच तोंड भाजलं ते. अण्णांनी मागच्या स्प्रिंगचा एक पाटा, म्हणजे पट्टी, काढून गाडी खाली घेतली होती. मी एका छोट्या व्हिडिओत ते कौतुकानं सांगितलं, क्लोजअप वगैरे. दुसऱ्या दिवशी फोन, "मला पासिंगला जायचंय अजून, तू गावभर सांगून आलास होय बे?" पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, गाडी दाखवावी लागते. व्हिडिओ काढून टाकला, माफी मागितली, अण्णांनी पाटा परत बसवला म्हणून आता इथं लिहितोय.

कायदा थोडक्यात असा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. मालकाला एकेका बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काचेवरची काळी फिल्म २०१२ पासून बंद. आरटीओच्या परवानगीनं इंजिन बदलणं वगैरे होतं, पण मग ते आरसीवर चढलेलं पाहिजे. त्यामुळं माझा नियम एकच, शूटच्या आधी आरसी बघायची आणि मालकाला विचारायचं काय दाखवू, काय नको. तो नको म्हणला तर नको, तुमचा व्हिडिओ उद्या त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. ४१४१ चं दादा केलेली नंबर प्लेट ब्लर करतो. रस्त्यावर रेस लावणार, स्टंट करणार, सायलेन्सरमधून फटाके काढणार असं कुणी म्हणलं तर मी कॅमेरा काढतच नाही, मग म्हणोत घाबरट.

काहीजण म्हणतात जुनी गाडी व्हिंटेजमध्ये टाकायची, प्रश्न मिटला. नाही मिटत. २०२१ चे ते नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत, गाडी मूळ रूपात लागते, चासी-बॉडी-इंजिनमध्ये फेरफार चालत नाही, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे मॉडिफाय केलेली, सूत वाहणारी पद्मिनी तिथं बसणारच नाही.

ड्रोनचं एवढंच, होटगी रोडला आपलं विमानतळ आहे, त्यामुळं शहरात उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनच्या वेबसाइटवरचा नकाशा उघडून झोन बघा. २५० ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन आहे म्हणून कुठंही उडवता येतो असं नाही.

पैसे? पहिलं दीड वर्ष शून्य. पेट्रोल माझं, चहा माझा. नंतर जी कामं आली ती व्ह्यूजमुळं नाही आली. एका जीपवाल्याला जीप विकायची होती, त्याला एक मिनिटाचा व्हिडिओ करून दिला, जीप विकली गेली, त्यानं दोघांना सांगितलं. मग एका गॅरेजवाल्यानं जिप्सीचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूट करायला लावलं, पत्रा कापण्यापासून रंगापर्यंत, चार महिने, दर शनिवारी. तिथं मी जेवढं शिकलो तेवढं कुठं नाही. म्हणून म्हणतो, रोड ट्रिपच्या आधी एक महिना कुठल्यातरी गॅरेजात नुसतं बसा, कॅमेरा न काढता. मिस्त्रीला पाना द्या, चहा आणा. पाटा कशाला म्हणतात आणि लांबी, म्हणजे पत्र्याची पुट्टी, कुठं भरतात हे माहीत नसलं तर मालकाला प्रश्न तरी काय विचारणार. लग्नाची कामं मात्र सोडू नका, माझं घर अजून त्याच्यावरच चालतं.

वालचंदनगरला परत गेलो ते डिसेंबरात. पहाटे साडेपाचला निघालो, धुकं होतं, पद्मिनी एकदाही थांबली नाही. उजनीच्या खाली भीमेच्या पुलावर उजाडलं, पुढं उसाच्या गाड्यांच्या मागं मागं आठच्या सुमाराला पोचलो. अण्णांनी गावात गाडी लावली, कुणीतरी म्हातारे गृहस्थ सायकल टेकवून आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" हा शॉट हलला आहे, फोकसही जरा गेलाय, तरी तोच ठेवलाय.

आता आमची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली की हैदराबाद रोडला जायचंय, नळदुर्गपर्यंत, एका पोराच्या खाली बसवलेल्या ८०० मागं. त्यानं अजून आरसी दाखवली नाही. रोज म्हणतो उद्या.