अर्जन सिंग यांच्या कारकिर्दीचा अभ्यास: एका हुद्द्याने केलेली फजिती

युद्धकाळातील हवाई दलप्रमुखाच्या कारकिर्दीवर प्रबंध लिहायला घेणाऱ्यांनी माझी चूक आधी वाचावी, कारण ती आळसातून नव्हे, तर नीटनेटकेपणाच्या हव्यासातून झाली होती. माझा विषय होता १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील भारतीय हवाई दलप्रमुख अर्जन सिंग. साधनांमध्ये त्यांच्या नावाआधी कुठे ‘स्क्वाड्रन लीडर’, कुठे ‘एअर मार्शल’, तर कुठे ‘एअर चीफ मार्शल’ असे आढळत होते. प्रबंधात एकवाक्यता हवी म्हणून मी एके रात्री संगणकाला एकच आदेश देऊन सगळ्या प्रकरणांतील ‘एअर मार्शल’च्या जागी ‘एअर चीफ मार्शल’ करून टाकले आणि समाधानाने झोपले. मार्गदर्शकांनी मसुद्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेवढ्या दाखवल्या. बाह्य परीक्षकांनी मात्र सप्टेंबर १९६५ मधील एका प्रसंगाच्या वर्णनाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारले होते, ‘या दिवशी भारतीय हवाई दलात हा हुद्दा कोणाकडे होता?’

तो कोणाकडेच नव्हता.

पद आणि हुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या सर्वांना ठाऊक असते. लिहिताना मात्र आपण ते विसरतो. अर्जन सिंग १ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी हवाई दलप्रमुख झाले, तेव्हा त्या पदाचा हुद्दा एअर मार्शल, म्हणजे भूदलातील लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा होता. त्याच वेळी भूदलप्रमुख जयंतनाथ चौधरी हे जनरल होते. हे पद एअर चीफ मार्शलच्या हुद्द्याचे झाले ते युद्धानंतर, १९६६ मध्ये, आणि तो हुद्दा मिळवणारे अर्जन सिंग हे भारतीय हवाई दलातील पहिले अधिकारी ठरले. म्हणजे १९६५ च्या युद्धात दोन दलांचे प्रमुख एकाच टेबलाशी बसत, तेव्हा त्यांच्यात एका पायरीचे अंतर होते. मी केलेल्या बदलाने ते अंतर पानावरून पुसले गेले आणि त्याबरोबर, भूदलाच्या योजना आखताना हवाई दलाला पुरेसे विश्वासात घेतले गेले नाही या तक्रारीशी त्या पायरीचा काही संबंध होता का, हा प्रश्नही पुसला गेला. त्याचे उत्तर ‘नाही’ असेही निघू शकेल. पण प्रश्न विचारण्याची सोयच मी मोडून ठेवली होती.

हाच घोळ मागेही जातो. दुसऱ्या महायुद्धात अनेक अधिकाऱ्यांना हंगामी हुद्दे मिळत, त्यामुळे १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करून डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणाऱ्या या तरुणाचा हुद्दा लिहिताना तो कायम होता की हंगामी, हे पाहावेच लागते. दलाच्या नावाचेही तसेच आहे: १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावरून त्यांनी विमानांच्या संचलनाचे नेतृत्व केले, तेव्हा दलाच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द होता आणि तो १९५० पर्यंत राहिला. शिवाय ग्रुप कॅप्टन आणि भूदलातला कॅप्टन यांना चुकूनही एका पंगतीत बसवू नका. ग्रुप कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा असतो.

अभ्यासातल्या सोप्या, जवळच्या वाटांबद्दल माझे मत कडवट आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या निधनानंतर छापून आलेल्या लेखांवर प्रकरण उभे करू नका. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूतील छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई मदत पोहोचायला किती वेळ लागेल असे विचारले आणि अर्जन सिंग यांनी ‘एक तास’ असे सांगितले, हा प्रसंग तुम्हाला श्रद्धांजलीच्या लेखांत हमखास सापडेल. पण त्याच संध्याकाळी पठाणकोटहून गेलेल्या जुनाट व्हॅम्पायर विमानांपैकी चार गमावली गेली, आणि ६ सप्टेंबरला त्याच पठाणकोटच्या तळावर उभी असलेली विमाने शत्रूच्या हल्ल्यात जळाली, हे तिथे क्वचितच येते. दलप्रमुखाची कारकीर्द या दोन्ही बाजूंनी वाचायची असते. मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावापेक्षा, तुमचे पान समोर ठेवून तारीख विचारणारा माणूस शोधा. माझ्या बाबतीत हे काम एका निवृत्त हवाई अधिकाऱ्याने दोन दुपारींत केले.

घाबरून विषय सोडू नका, चूक निस्तरता येते. मी प्रत्येक नोंदीसाठी कार्ड केले, त्यावर तारीख, पद आणि त्या दिवशीचा हुद्दा असे तीन रकाने आखले, आणि तिसरा रकाना साधन सापडेपर्यंत कोराच ठेवला. हे तीन आठवड्यांचे कंटाळवाणे काम होते. मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा हवाई दलातील सर्वोच्च हुद्दा अर्जन सिंग यांना जानेवारी २००२ मध्ये, म्हणजे १९६९ साली पद सोडल्यानंतर तीन दशकांनी मिळाला. त्यामुळे आता माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात ते मार्शल आहेत आणि चौथ्या प्रकरणात एअर मार्शल. दोन्ही बरोबर आहे. तोंडी परीक्षेत हे समजावून सांगताना मात्र माझ्या घशाला कोरड पडली होती.